चुकीच्या रकान्यातला मृत्यू

वृषाली उगारेला माणसं चेहऱ्यापेक्षा आलेखावरून लवकर ओळखू यायची. सांगलीतल्या एका हृदयरोग केंद्रात ती अठरा वर्षं ईसीजी काढत होती. सुरुवातीला छातीला लावायच्या वायरी, थंडगार जेली आणि खरखरत बाहेर येणारा कागद असायचा. २०३७ सालापर्यंत त्यातलं काही उरलं नव्हतं. बोटभर लांबीची एक पट्टी छातीवर चिकटवली की ती प्रत्येक ठोका केंद्रातल्या पडद्यावर पाठवत राहायची. सकाळी आठ वाजता वृषाली खुर्चीत बसायची तेव्हा एकशे बारा माणसांची हृदयं तिच्यासमोर ओळीनं चाललेली असायची. बाजारात कुणी हाक मारली तर तिला नाव पटकन आठवायचं नाही, पण या माणसाचा कितवा ठोका अडखळतो ते आठवायचं.

ही एकशे बारा माणसं एका नव्या औषधाच्या चाचणीत होती. औषधाला अजून नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता. सगळे त्याला के-सतरा म्हणायचे.

केंद्राचे प्रमुख डॉ. नंदन मेहेंदळे नव्या रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना समोर बसवून सगळं नीट समजावून सांगायचे. हृदय विजेवर चालतं. दर ठोक्याला विजेची एक लाट वरून खाली जाते आणि स्नायू आकसतो. हार्ट अटॅक येऊन गेला की त्या स्नायूत एक वण राहतो. वणातून वीज जात नाही, ती वळसा घालून पुढे जाते. एरवी त्यानं काही बिघडत नाही. पण अवेळी एखादा जादा ठोका पडला तर ती लाट वणाभोवतीच गोल फिरायला लागते, खडकामागे पाण्याचा भोवरा होतो तशी. मग हृदय मिनिटाला सत्तरच्या जागी एकशे ऐंशी, दोनशे वेळा धडधडतं. भोवरा आपणहून विरला तर माणसाला चक्कर येऊन जाते. नाही विरला तर माणूस जातो.

के-सतरा या भोवऱ्यावर होतं. हृदयाच्या प्रत्येक पेशीला सूक्ष्म दारं असतात. दर ठोक्याला ती क्षणभर उघडतात, सोडियम आत शिरतं आणि वीज पुढे सरकते. जुनी औषधं ही दारं सरसकट अडवून धरायची. के-सतरा शांत चाललेल्या हृदयाला हात लावत नसे. दारं फार भराभर उघडझाप करू लागली तरच ते आत जाऊन बसे, आणि वेग जितका वाढेल तितकी त्याची पकड घट्ट होई. "हा शहाणा राखणदार आहे," डॉक्टर म्हणायचे. "घरात चोर नसेल तर झोपून राहतो."

निम्म्या लोकांना के-सतरा मिळायचं आणि निम्म्यांना तशीच दिसणारी साखरेची गोळी. कुणाला काय द्यायचं ते दूर कुठेतरी एक संगणक ठरवायचा. रुग्णाला ते माहीत नसे, डॉक्टरांनाही नसे. वृषालीच्या हातात प्रत्येकाच्या वर्षभराच्या सीलबंद डब्या एकदम यायच्या, त्यातली एक ती दर महिन्याला द्यायची, डबीवर फक्त क्रमांक असायचा.

पण वृषालीला तिसऱ्या आठवड्यातच कळायला लागलं. काही पडद्यांवर जादा ठोके आधीसारखेच काट्यांसारखे वर येत होते. काहींवर ते एकाएकी नाहीसे झाले होते. विश्रामबागच्या लीलावती कुडचेकाकूंना तासाला तीनशे जादा ठोके पडायचे. आता दिवसाला चार पडत. त्यांची रेघ पाहताना वृषालीला नांगरून, कुळवून सारखं केलेलं रान पाहिल्यासारखं वाटे.

ज्यांना जादा ठोके जास्त पडतात ती माणसं जास्त मरतात, हे जगाला कित्येक वर्षांपासून माहीत होतं. ही गोळी जादा ठोके पुसून टाकते, हे तिला डोळ्यांनी दिसत होतं. म्हणजे ही गोळी माणसं वाचवते. या तिसऱ्या वाक्याबद्दल शंका घ्यावी असं तिला एकदाही वाटलं नाही. केंद्रात कुणालाच वाटलं नाही.

जूनमध्ये तिचा भाऊ महावीर मगदूम चाचणीत आला.

महावीर तिच्याहून आठ वर्षांनी मोठा. एका शाळेत तो खेळाचा शिक्षक होता. चौतीसच्या पुरात त्याच्या गल्लीतल्या दोन बायका कमरेच्या थोडं वर आलेल्या पाण्यात बुडून गेल्या. अंग सैल सोडून तरंगत राहिल्या असत्या तर वाचल्या असत्या. महावीरनं त्या वर्षी नोकरी सोडली आणि मिरज रस्त्यावरच्या तलावात पस्तिशीच्या पुढच्या बायकांसाठी पोहण्याचा वर्ग सुरू केला. लोक हसले. पहिले दोन महिने त्याची बायको त्रिशला ही एकटीच विद्यार्थिनी होती. तिसऱ्या वर्षी साठ बायका झाल्या. त्यात भाजीवाल्या होत्या, बँकेतल्या होत्या, एक तर पासष्ट वर्षांची होती. तो कुणाला पाण्यात ढकलत नसे. आधी पायरीवर बसवून पाण्याशी गप्पा मारायला लावतो, असं त्या सांगायच्या.

छत्तीसच्या दिवाळीत त्याला अटॅक आला. त्यातून तो उठला, पण हृदयावर वण राहिला आणि धडधड सुरू झाली. दहा-पंधरा सेकंद चालायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची, मग आपोआप थांबायची. झटका देणारं यंत्र छातीत बसवावं इतकं हृदय कमजोर झालेलं नव्हतं. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, की पाण्यात उतरायचं नाही, कारण जमिनीवर आलेली चक्कर आणि पाण्यात आलेली चक्कर यात फरक आहे.

महावीर काठावर खुर्ची टाकून शिकवू लागला. पण काठावरून ओरडून सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवून कुणी पाण्यात अंग सोडत नाही. बायका कमी होत गेल्या. तो घरात बोलेनासा झाला. वृषाली गेली की तो पट्टीवर हात ठेवून विचारायचा, "काय म्हणतंय ग आज माझं?" ती म्हणायची, ठीक आहे की.

चाचणीच्या अर्जात एक रकाना होता: केंद्रातील कर्मचाऱ्याशी नातं. नातं असेल तर त्या रुग्णाच्या डब्या दुसऱ्या कुणीतरी द्यायच्या असा नियम होता. वृषालीचं आडनाव लग्नानंतर उगारे झालेलं. तिनं तो रकाना रिकामा ठेवला. भावाला आपल्याच हातानं गोळ्या द्याव्यात एवढंच तेव्हा तिच्या मनात होतं.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. महावीरचे जादा ठोके होते तसेच होते, तासाला दोनशे. ऑगस्टच्या शेवटी एकदा पडद्यावर धडधड सुरू झाली ती बावीस सेकंद चालली. वृषाली ते बावीस सेकंद मोजत बसली होती. भावाला साखर मिळते आहे, याबद्दल तिच्या मनात आता शंका उरली नव्हती. ती डॉक्टरांकडे गेली आणि एखाद्या रुग्णाला गोळी लागू पडत नसेल तर बदलून देता येते का, असं आडून विचारलं. डॉक्टर म्हणाले, लागू पडत नाही हे तू कसं ठरवलंस? आणि पडद्यावरून अंदाज बांधत जाऊ नकोस, चाचणी त्यानंच बिघडते.

सप्टेंबरमध्ये कुडचेकाकू मुलीकडे हुबळीला राहायला निघाल्या. चाचणी सोडून जाताना त्यांनी वृषालीचा हात हातात घेऊन सांगितलं, की या गोळीनं मला माझी झोप परत दिली. त्यांना अजून न दिलेल्या पाच डब्या नोंद करून परत पाठवायच्या होत्या. वृषालीनं त्या कपाटात ठेवल्या. दोन दिवस ती कपाटाकडे पाहत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिनं कुडचेकाकूंच्या पाच डब्यांवरच्या क्रमांकाच्या चिकटपट्ट्या वाफेवर सोडवल्या आणि महावीरच्या पुढच्या पाच डब्यांवरच्याही. मग त्या आलटून पालटून लावल्या. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. महावीरची साखर कुडचेकाकूंच्या नावानं परत गेली.

महावीरला तिनं काही सांगितलं नाही. नेहमीसारखी डबी दिली आणि वेळेवर घे म्हणाली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याची रेघ स्वच्छ झाली. तासाला दोनशेचे वीस झाले, मग दोन. धडधड थांबली. डिसेंबरपर्यंत दोन महिने एकही झटका नाही हे पाहून डॉक्टर मेहेंदळ्यांनी स्वतः त्याला पाण्यात उतरायची परवानगी दिली. साखरेच्या गोळीवरही काही जण असे आपोआप सुधारतात, त्यामुळे कुणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

त्या रविवारी महावीरनं वृषालीला मुद्दाम बोलावून घेतलं. तलावावर पंधरावीस जुन्या विद्यार्थिनी जमल्या होत्या. तो पायरीवरून हळूच पाण्यात सरला आणि पाठीवर पडून राहिला, हात पसरून, डोळे मिटून. कितीतरी वेळ हललाच नाही. त्रिशलावहिनी काठावर उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नंतर टॉवेल खांद्यावर टाकून तो वृषालीशेजारी येऊन बसला.

"वर्षभर मी या छातीला सांभाळत होतो, वृषू," तो म्हणाला. "परक्याचं पोर कडेवर घेतल्यासारखं. आज ती माझी वाटली."

वृषालीला त्या क्षणी आपण केलं ते योग्यच केलं असं वाटलं. घरी जाताना ती रिक्षात रडली, पण ते रडणं सुखाचं होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी वर्गात एक नवी बाई मध्यावर घाबरली. बुडत नव्हती, नाकातोंडात पाणी गेलं एवढंच, पण ती हातपाय झाडू लागली. महावीर तलावाच्या दुसऱ्या टोकाला होता. तो जीव खाऊन पोहत तिच्यापर्यंत गेला, तिला कठड्याशी आणलं, तिचे दोन्ही हात दांडीवर ठेवले. मग त्याचा स्वतःचा हात दांडीवरून सुटला. त्यानंच शिकवलेल्या चार बायकांनी बुड्या मारून त्याला वर काढलं. त्यांनी सगळं बरोबर केलं, तो सांगायचा तसं. उपयोग झाला नाही.

पट्टी पाण्यातही चालू होती. वृषालीच्या फोनवर इशारा आला तेव्हा ती घरी कपडे वाळत घालत होती. पुढचे चार दिवस तिनं ती नोंद उघडली नाही. पाचव्या दिवशी केंद्रात कुणी नसताना उघडली. शेवटचे नव्वद सेकंद होते. आधी पोहण्याचा वेग, एकशे दहा, एकशे तीस. प्रत्येक ठोका नीट, जागच्या जागी. मग वेग वाढत गेला तसा प्रत्येक ठोका रुंद होऊ लागला, चिखलात चालणाऱ्या माणसाचं पाऊल जड होत जावं तसा. एकशे बावन्नला दोन ठोक्यांमधली जागाच संपली आणि भोवरा सुरू झाला. तो विरला नाही.

अठरा वर्षांच्या अनुभवानं तिला कळायला हवं होतं. साखर खाणाऱ्याचं हृदय धावताना असं रुंदावत नाही. ही औषधाची खूण होती. तिच्या मनात हे आलंही, पण तिनं नोंद बंद केली. वण असलेलं हृदय आहे, घात व्हायचाच होता, गोळीनं पाच महिने तरी दिले, असं तिनं स्वतःला समजावलं.

आणखी एक गोष्ट तिनं स्वतःला समजावली. आता अदलाबदल सांगितली तर इतक्या चांगल्या औषधावर उगाच एका मृत्यूचा डाग पडेल. कागदोपत्री दादा साखरेवर गेला. तसंच असू दे. गेलेला माणूस तर परत येत नाही, मग निदान मागे राहिलेल्यांचं औषध तरी लवकर बाजारात येऊ दे. हा विचार तिला उदात्त वाटला. त्यात नोकरीची भीती किती होती आणि वहिनीची किती, हे तिनं तपासलं नाही.

ऑगस्टमध्ये एका सकाळी डॉक्टर मेहेंदळ्यांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. चाचणी थांबवली होती, देशभरातल्या वीसही केंद्रांत, त्याच दिवसापासून. रुग्णांना फोन करून गोळ्या बंद करायला सांगायच्या होत्या. के-सतरा घेणारी माणसं साखर घेणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त मरत होती.

दुपारभर वृषालीनं फोन केले. काही लोक भांडले. एवढं बरं वाटत असताना बंद का करायचं, असं ते विचारत होते. संध्याकाळी डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं, किंवा स्वतःलाच सांगत होते. शांत हृदयात राखणदार झोपलेला असतो हे खरं होतं. जादा ठोके तो टिपून काढत होता हेही खरं. पण माणूस जिना चढला, धावला, चिडला, की हृदय हक्कानं वेग घेतं. राखणदाराला चोर आणि घरचा माणूस यातला फरक कळत नव्हता. तो सगळी दारं धरून बसायचा. वणाच्या कडेला वीज आधीच रखडत चालते, ती आणखी रखडायची, आणि नेमका तिथेच भोवरा उठायचा. ज्यानं भोवरा थांबवायचा त्यानंच तो उठवला. "आणि माणसांना बरं वाटत होतं ना," डॉक्टर म्हणाले, "म्हणून ती जास्त धावत होती."

आठ दिवसांनी देखरेख समितीचा अहवाल आला. समितीला दोन्ही गटांचे मृत्यू आधीपासून दिसत होते. त्यांनी सुरुवातीलाच एक रेघ आखून ठेवली होती, की फरक अमुक इतका झाला तर थांबायचं. मार्चच्या अखेरीस त्यांनी पहिली मोजणी केली होती. के-सतराच्या रकान्यात एकोणीस मृत्यू होते, साखरेच्या रकान्यात आठ. वीस आणि सात असते तर रेघ ओलांडली गेली असती आणि चाचणी तिथेच थांबली असती. अगदी थोडक्यात हुकलं म्हणून समितीनं ऑगस्टपर्यंत वाट पाहायचं ठरवलं.

वृषालीनं तो परिच्छेद तीनदा वाचला. साखरेच्या आठांमध्ये महावीर होता. त्याला एका रकान्यातून उचलून दुसऱ्यात ठेवला की वीस आणि सात होत होते.

मार्च ते ऑगस्ट या काळात के-सतरा घेणारे आणखी सतरा जण गेले होते. साखर घेणारे सहा. त्या सतरांपैकी दोघं सांगलीच्या केंद्रातले. एक दिनकर सावर्डेकर, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. डबी घ्यायला आले की "पुढे सरका, पुढे सरका" म्हणत रांगेतल्या सगळ्यांना हसवायचे. ते जुलैत ज्योतिबाच्या पायऱ्या चढताना गेले. त्यांनाही बरं वाटत होतं.

त्या दिवशी वृषाली घरी गेली आणि नवऱ्याला काही न सांगता झोपून राहिली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती डॉक्टरांच्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रिकामा ठेवलेला रकाना, वाफेवर सोडवलेल्या चिकटपट्ट्या, पाच डब्या, आणि ते नव्वद सेकंद.

डॉक्टरांनी महावीरची नोंद पडद्यावर उघडली आणि पाहिली. त्यांना काय दिसत होतं ते तिला माहीत होतं.

"त्याला पाण्यात उतरायची परवानगी मी दिली होती," ते शेवटी म्हणाले. मग तिच्याकडे न बघता विचारलं, "डब्या बदललीस ते भावासाठी. ते मी समजू शकतो. पण फेब्रुवारीत का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, औषध चांगलं आहे."

"ते ठरवण्यासाठीच तर हे सगळं होतं, वृषाली."

चौकशी झाली. वृषालीनं काही नाकारलं नाही. तिची नोकरी गेली आणि यापुढे कुठल्याही चाचणीत काम करायचं नाही असा निर्णय झाला. डॉक्टर मेहेंदळ्यांनीही केंद्राचं प्रमुखपद सोडलं, ते कुणी मागितलेलं नव्हतं. के-सतरावरचा शोधनिबंध पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. त्याच्या चौथ्या पानावर बारीक अक्षरात तळटीप होती, की एका केंद्रातील एका रुग्णाचा गट तपासाअंती बदलण्यात आला आहे. महावीर आता योग्य रकान्यात होता.

चौकशी संपली त्याच आठवड्यात वृषाली सावर्डेकरांच्या घरी गेली. तिनं सांगितलेलं सगळं त्यांच्या पत्नीला कळलं की नाही कोण जाणे. त्या एवढंच म्हणाल्या, की ते गेले तेव्हा पेढे त्यांच्या हातातच होते, आणि तुम्ही चहा घेणार का. शेजारच्या गल्लीत सांगलीतल्या त्या दुसऱ्या गेलेल्या रुग्णाचं घर होतं. तिथं मुलानं तिचं बोलणं अर्ध्यावर थांबवलं आणि दार लावून घेतलं. तिला तेच बरं वाटलं.

सगळ्यात आधी जिथं जायला हवं होतं तिथं ती सगळ्यांच्या शेवटी गेली. अदलाबदलीबद्दल केंद्राचं पत्र त्रिशलावहिनीला एकदोन दिवसांत मिळणार होतं. त्याच्या आत सांगायला हवं होतं.

वर्ग बंद पडला नव्हता. महावीरला पाण्यातून वर काढणाऱ्या चौघींनी तो चालू ठेवला होता आणि त्रिशलावहिनी नवीन बायकांना पायरीवर बसवून पहिले धडे द्यायची. वृषाली पोचली तेव्हा दुपारची बॅच सुटली होती. वहिनी कोरड्या पायरीवर बसून ओले केस पंचानं पुसत होती. वृषाली तिच्यापासून दोन हातांवर बसली आणि बोलायला लागली. सुरुवातीपासून सांगितलं, काही गाळलं नाही. वहिनीचा हात मध्येच कधीतरी थांबला होता. पंचा तिच्या मांडीवर तसाच पडून राहिला.

"आधीच्याच गोळ्या चालू असत्या तर?" तिनं विचारलं.

वृषाली म्हणाली, की खात्रीनं कुणी सांगू शकत नाही. चक्कर येत राहिली असती. पाण्यात उतरता आलं नसतं. पण आज बहुतेक असता.

पलीकडे तलावाचा शिपाई जाळीनं पानं काढत होता. त्याचं काम संपलं, तो निघून गेला, तरी दोघी तशाच बसून होत्या.

"ते तीन महिने ते फार आनंदात होते," वहिनी म्हणाली. "ते मी तुझ्या चुकीतून वजा करू की त्यात मिळवू, मला कळत नाही. त्याला वेळ लागंल. तोवर घरी येऊ नकोस."

वृषालीनं मान हलवली आणि उठायला लागली.

"बस," वहिनी म्हणाली. "एक गोष्ट तुला माहीत नाही. जुलैतच हे मला म्हणाले होते, त्रिशला, माझी गोळी साखरेची आहे बघ. शाळेत इतकी वर्षं मुलांना विज्ञानपण शिकवलंय, मला कळतंय की. मी म्हटलं, मग सोडून द्या, दुसरा डॉक्टर बघू. तर म्हणाले, सोडून कसं चालंल? कुणीतरी साखर खाल्ल्याशिवाय औषध कळणार कसं?" तिनं मांडीवरच्या पंच्याची घडी घातली. "ऑक्टोबरात बरं वाटायला लागलं तेव्हा हसले. म्हणाले, बघ, साखरेनंच बरा झालो."

वृषाली पाण्याकडे बघत होती.

"तू त्यांना विचारलं असतंस," वहिनी म्हणाली, "तर त्यांनी ती डबी घेतली नसती."

"माहीत होतं, वहिनी," वृषाली म्हणाली. "म्हणून तर विचारलं नाही."